चार पेन्सिल सेल

यंदा दिवाळीची झाडलोट करताना आमच्या माळ्यावरून तीन वस्तू खाली आल्या. एक मोडका आकाशकंदील, सुतळीने बांधलेली जुन्या कालनिर्णयांची गुंडाळी आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, धुवट फडक्यात गुंडाळून ठेवलेला माझा गेम बॉय. कंदील गेला भंगारात. कालनिर्णय आईने परत घेतले. मागच्या बाजूच्या पाककृतींसाठी ती एकही वर्ष टाकू देत नाही. राहिला गेम बॉय. तो माझ्या तेरा वर्षांच्या पुतण्याच्या हाती लागला.

"काका, याचा चार्जर कुठाय?"

"चार्जर नाही. चार पेन्सिल सेल लागतात."

त्याने दोन सेल भिंतीवरच्या घड्याळातले आणि दोन टीव्हीच्या रिमोटातले काढले. घरातला काळ थांबला, बातम्या थांबल्या. पण यंत्र सुरू झाले! पडद्यावर वरून कंपनीचे नाव संथपणे उतरले आणि तो ओळखीचा 'टिंग' वाजला. तीस वर्षांपूर्वी कुलूप लावून गेलेल्या घराचे दार पहिल्याच किल्लीला उघडावे, तसे मला वाटले.

"पण याला लाइटच नाही!" पुतण्या कुरकुरला.

"उन्हात जा. अंगणात बस."

तो गेला. अर्ध्या तासाने कान लाल करून परत आला आणि म्हणाला, "काका, ह्यावर खेळण्यासारखे खेळ कोणते, तेवढे सांगा. पुण्यात जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळतात म्हणे. मला यादीच करून द्या."

मी व्यवसायाने मास्तर.  हजेरीपटापासून सहलीच्या सामानापर्यंत आयुष्यभर याद्याच करीत आलो आहे. दोन-तीन कादंबऱ्या लिहिल्या, त्याही आधी यादी करूनच. तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन ऐटीत बसलो; आणि पहिलेच नाव लिहून थांबलो. ते का, हे सांगण्यासाठी हा सारा खटाटोप.

तर आधी यंत्राविषयी. गेम बॉय १९८९ साली जपानात बाजारात आला. त्याच्यामागे गुनपेई योकोई नावाचा एक कल्पक माणूस होता. आगगाडीत कंटाळलेला एक प्रवासी हिशेबाच्या यंत्राची बटणे उगीचच दाबत बसलेला त्याने पाहिला आणि हातात मावणारा खेळ करावा असे त्याच्या मनात आले, अशी त्याची हकीकत सांगतात. त्याचे म्हणणे असे, की खेळण्यासाठी अगदी नवे, महागडे तंत्र घेऊ नये. स्वस्त झालेले, चांगले मुरलेले तंत्र घ्यावे आणि त्याचा नवा उपयोग शोधावा. आमच्या लोणच्याच्या बरणीला हे तत्त्व केव्हाच ठाऊक होते. पण त्याने ते यंत्राला लावले. म्हणून गेम बॉयच्या पडद्याला रंग नाहीत. शेवाळलेल्या हौदातल्या पाण्यासारख्या हिरवट पडद्यावर चार छटा, आडवे १६० आणि उभे १४४ ठिपके, संपला कारभार. त्याच सुमाराला रंगीत पडद्याची यंत्रे निघाली होती. ती सहा सेल घेत आणि चार-पाच तासांत माना टाकीत. हे गरीब यंत्र चार सेलांवर दहा-पंधरा तास चाले. पुढे निघालेला रंगीत भाऊ जमेस धरता २००३ सालापर्यंत असे सुमारे ११ कोटी ८७ लाख नग जगभर खपले.

आमच्या साताऱ्याच्या घरी त्यातला एक आला तो १९९२ च्या मे महिन्यात. मामा मालवाहू बोटीवर होता. त्याने सिंगापूरहून आईला साडी, वडिलांना टॉर्च आणि मला हे यंत्र आणले. सोबत दोन खेळ: 'टेट्रिस' आणि 'सुपर मारिओ लँड'. वडिलांनी यंत्र हातात घेऊन उलटसुलट केले आणि विचारले, "याने गणित सुधारतं का?" मामा म्हणाला, "भावजी, बिघडत तरी नाही." तेवढ्यावर परवानगी मिळाली. अट एकच, महिन्याला चार सेल. त्यापुढे एकही नाही.

यादीत मी पहिले नाव लिहिले ते टेट्रिसचे. अलेक्सेई पाजितनोव्ह या गृहस्थाने तो १९८४ साली मॉस्कोत, सरकारी संशोधनसंस्थेत काम करता करता रचला. चार-चार चौकोनांचे सात आकार वरून एकेक करून खाली येतात. ते फिरवून असे बसवायचे की आडवी ओळ भरेल. भरली की ती नाहीशी होते. न भरलेल्या ओळी साठत जातात आणि गळ्याशी आल्या की खेळ संपतो. एवढेच. पण संसार करणाऱ्या कोणालाही हा खेळ समजावून सांगावा लागत नाही.

आमच्या आत्याला तरी सांगावा लागला नाही. आत्या विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली ती कायमची. मंगळागौरीच्या रात्री साऱ्या आळीच्या बायका झिम्मा-फुगडी खेळत तेव्हा आत्या आत चुलीपाशी सर्वांसाठी दूध आटवीत असे. तिला खेळताना कोणी पाहिले नव्हते. खेळायला ये असे कोणी म्हटल्याचेही मला आठवत नाही. पण फडताळात डबे लावावेत ते आत्यानेच! दिवाळीत चकल्या, कडबोळी, शंकरपाळे, अनारसे यांचे डबे ती असे बसवी, की मधे आगपेटी सरकवायला जागा राहू नये.

जूनमधल्या एका पावसाळी दुपारी मी ओसरीवर खेळत होतो. ती मागे उभी राहून बघत होती. एकदम म्हणाली, "अरे बाळ्या, तो चौकोन तिकडे नको, कोपऱ्यात सरकव!" मी वैतागून यंत्र तिच्या हातात दिले. आणि ते पुन्हा लवकर माझ्याकडे आले नाही.

आत्याने आकारांना नावे दिली. लांब पट्टी ती 'लाटणं'. चौकोन तो 'पाट'. काटकोनात वळलेल्या दोन त्या 'विळ्या', नागमोडी दोन त्या 'वाकडतोंड्या' आणि उरलेली ती 'तिवई'. कडेची एक पट्टी मोकळी ठेवून ती लाटण्याची वाट बघत बसे. कारण लाटणे उभे घातले की चार ओळी एकदम जातात, हे तिने कोणी न सांगता ओळखले होते. "लाटणं येईना रे!" ही तिची हाक स्वयंपाकघरापर्यंत जाई. तांदूळ निवडतानाही त्या खेळाची चाल ती गुणगुणे. ते फेरीवाल्यांचे जुने रशियन लोकगीत आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

त्या खेळात एक उणीव होती. यंत्र बंद केले की मिळवलेले गुण पुसले जात. आत्याला हे मुळीच पटले नाही. "एवढं केलं त्याची नोंद नको?" ती म्हणाली. मग भिंतीवरच्या कालनिर्णयावर, दुधाच्या हिशेबाशेजारी, मी तिचे आकडे लिहू लागलो. पहिला आकडा ९१२. नागपंचमीला सहा हजार. गणपतीत अठरा हजार. दसऱ्याला एकेचाळीस हजार. माझी मजल सत्तावीस हजारांपुढे कधीच गेली नाही.

असो. यादीकडे वळू या.

पुढे मामेभावाकडे मुंबईत दुसरे यंत्र आले आणि माझ्या मे महिन्याच्या सुट्ट्या त्याच्या घरी जाऊ लागल्या. तिथे खेळलेल्यांतले चार खेळ मी निर्धास्तपणे सुचवीन. ज्याने हातात कधी यंत्र धरले नाही त्याच्यासाठी १९९२ चा 'कर्बीज ड्रीम लँड'. गोळ्यासारखा गुबगुबीत नायक हवा भरून उडतो आणि शत्रूंना गिळतो. टप्पे पाचच. नवख्यांसाठी म्हणूनच तो रचला होता, तेव्हा घरातल्या आजीपासून सुरुवात करायला हरकत नाही. डोके खाजवायला लावणारा हवा असेल तर १९९४ चा 'डाँकी काँग'. जुन्या १९८१ च्या खेळातले चार टप्पे संपले की माणसाला वाटते, झाले! आणि तिथून पुढे आणखी सत्त्याण्णव निघतात. किल्ली उचलायची, दारापर्यंत न्यायची. एकाने खेळावे आणि तिघांनी मागून सल्ले द्यावेत.

कादंबरीची आवड असणाऱ्यांसाठी १९९३ चा 'लिंक्स अवेकनिंग', झेल्डामालिकेतला. वादळात नाव फुटून नायक एका बेटावर लागतो. बेटाच्या डोंगरमाथ्यावर एक प्रचंड अंडे आहे आणि त्यात कोणीतरी झोपले आहे. त्याला जागे केल्याखेरीज घरी जाता येत नाही. पुढचे सांगणार नाही. पण शेवटाशी आलो तेव्हा बटण दाबायला माझा अंगठा तयार होईना. चार छटांच्या पडद्यावर असे करता येते, तर आम्ही कादंबरीकार तीन-तीनशे पाने कशाला खर्ची घालतो, असे वाटून गेले.

आणि चौथा 'पोकेमॉन', जपानात १९९६ साली निघालेला. त्याचा कर्ता सातोशी ताजिरी लहानपणी किडे पकडून जमवीत असे. त्या नादातून हा खेळ आला. दीडशे प्राणी गोळा करायचे. पण गंमत अशी, की खेळाच्या दोन आवृत्त्या. काही प्राणी एकीत नाहीत, काही दुसरीत. एकट्याने कितीही डोके फोडा, संग्रह पुरा होत नाही. दुसऱ्या कोणाच्या यंत्राला तार जोडून देवाणघेवाण करावीच लागते.

जुना खेळ घेताना खाचेत तोंडाने फुंकू नये, ओल धरते. कापसाला स्पिरिट लावून पुसावे. ज्यांत मजल जपून राहते अशा खेळांच्या पोटात एक चपटा सेल असतो. तो मेला की जपलेले सारे जाते, हेही ध्यानात ठेवावे.

शेवटी एकच नाव राहिले. 'सुपर मारिओ लँड'. बाराच टप्पे. वाळवंट, समुद्र, दगडी मुंडक्यांचा प्रदेश, आणि शेवटी विमानातली लढाई. सरावाने तासाभरात संपणारा. उत्तम खेळ. यादीत तो मी शेवटी लिहिला, कारण तो पुरा करण्यासाठी मी एकदा खोटे बोललो.

त्या वर्षी दिवाळीनंतर आत्याला ताप येऊ लागला. ती माजघरात पडून असे. नोव्हेंबरचे सेल नुकतेच घातले होते आणि मला मारिओचा शेवट गाठायचा होता. मजल जपून ठेवायची सोय त्या खेळातही नाही. दर वेळी पहिल्यापासून. आत्याच्या हाती यंत्र गेले तर सेल महिनाअखेर पुरणार नाहीत, या धास्तीने मी चारही नवे सेल काढून कंपासपेटीत दडवले आणि रेडिओतले मेलेले सेल यंत्रात घातले. आत्याने संध्याकाळी यंत्र मागितले. पडद्याशेजारी एक लाल दिवा असतो. सेल दमले की तो मंदावतो. दिवा क्षणभर मिणमिणला आणि विझला. आत्याने तो पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "दमले रे बिचारे. असू दे. तू शाळेत जातोस, तुला लागतात."

तिला कळले होते की नव्हते, हे मला आजतागायत ठरवता आलेले नाही.

चार दिवसांनी तिला दवाखान्यात हलवले. ती तिथे असतानाच एका दुपारी मी मारिओचा शेवट गाठला. राजकन्या सुटली, दोघे यानात बसून उडून गेले. घरात दाखवायला कोणी नव्हते. मार्गशीर्षात आत्या गेली. तेराव्यानंतर मी यंत्रातले सेल काढले आणि यंत्र डब्यात घातले. सेल आत राहिले असते तर गळून, पत्रे गंजून यंत्र केव्हाच मेले असते. तेव्हा काढले होते म्हणून ते आज चालले, यातला न्याय मला नीटसा समजत नाही.

परवा आईकडून १९९२ चा कालनिर्णय मागून घेतला. नोव्हेंबरच्या पानावर, दुधाच्या अर्ध्या लिटराशेजारी, माझ्या अक्षरात शेवटचा आकडा आहे: ६१,२४०. टेट्रिसमध्ये एक लाखाला पडद्यावर रॉकेट उडते. आत्याला ते ठाऊक नव्हते. तेव्हा मलाही नव्हते.

म्हणून पुतण्याला दिलेल्या यादीच्या तळाशी मी एक ओळ वाढवली आहे. खेळ कोणताही घे. आपण खेळून झाल्यावर जो दुसऱ्याच्या हातात देता येतो, तोच खेळण्यासारखा. आणि घड्याळातले सेल काढू नकोस. आठ नवे आणून ठेवले आहेत.

हे लिहीत असताना अंगणातून आवाज येतो आहे. माझी आई पुतण्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसली आहे. पंच्याहत्तरी उलटली, डोळ्यांना नीट दिसत नाही, पण यंत्र तिच्या हातात आहे आणि तो तिला मागून सांगतो आहे, "आजी, थांब, घाई करू नको. लाटणं येऊ दे."

त्याला ते नाव मी सांगितलेले नाही. आईनेच सांगितले असणार.