आत्याचे डबे आणि २१० ओळींचा गुंता

तुम्ही कधी स्वतःच लिहिलेली एखादी गोष्ट सहा महिन्यांनी उघडून बघितली आहे? आणि 'हे खरंच मी लिहिलंय?' असं वाटलंय? मला वाटलंय. पण तोपर्यंत माझ्या त्या लिखाणामुळे एका आजोबांच्या खिशातून ६४० रुपये जास्तीचे गेले होते.

मी बंगळूरूला मल्लेश्वरममध्ये आत्याकडे राहते. शिक्षण बीए इंग्रजी, काम कंटेंट रायटिंगचं. आत्या घरून जेवणाचे डबे देते. पोळी, भाजी, वरण, भात. चतुर्थी-एकादशीला उपवासाचा डबा. तीसेक घरांचा हिशेब ती वहीत ठेवायची. दोन वर्षांपूर्वी मी मोठ्या उत्साहाने तो गूगल शीटमध्ये आणला. इंटरनेटवर बघून थोडं जावास्क्रिप्ट शिकले आणि एक फंक्शन लिहिलं. फंक्शन म्हणजे कॉम्प्युटरला एका नावाखाली दिलेली कामांची यादी. बटण दाबलं की सगळ्यांची बिलं तयार!

सुरुवातीला ते वीस ओळींचं होतं. मग अर्धा डबा आला. उपवासाच्या डब्याचा वेगळा दर आला. रविवारी डबा बंद, कुणाचे खाडे, कुणाच्या स्टीलच्या डब्याची अनामत. प्रत्येक वेळी मी त्याच फंक्शनमध्ये आणखी एक 'जर असं असेल तर' घुसवत गेले. वर्षभरात २१० ओळी झाल्या. चालत होतं, म्हणून कुणी काही म्हणत नव्हतं.

मागच्या वर्षी जवळच राहणारे एक आजोबा आजारी पडले. एकटेच राहतात. २६ जुलै ते ९ ऑगस्ट हॉस्पिटलमध्ये होते. आत्याने शीटमध्ये खाडे नीट लिहिले होते. तरी ऑगस्टचं बिल पूर्ण महिन्याचं गेलं. मधला रविवार सोडला तर आठ डबे, ८० रुपयांप्रमाणे ६४० रुपये जास्त. आजोबांनी मुकाट्याने पैसे दिले आणि सप्टेंबरपासून डबा बंद केला.

पंधरा दिवसांनी ते आत्याला भाजी घेताना भेटले. म्हणाले, "बिल जास्त वाटलं होतं. पण हिशेब आता मशीन करतं म्हणालात, मग वाद कुणाशी घालायचा?"

आत्या घरी आली. मला काही बोलली नाही. फक्त जुनी वही कपाटातून काढून टेबलावर ठेवली.

त्या रात्री मी चूक शोधायला बसले. एक ओळ बदलली, तर उपवासाचा दर अर्ध्या डब्यांना लागला. ती सुधारली, तर रविवार मोजले जायला लागले. दोन संध्याकाळी अशाच गेल्या. शेवटी वहिनीला, म्हणजे आत्याच्या सुनेला हाक मारली. ती प्रोग्रामर आहे. तिने दहा मिनिटं वाचलं आणि विचारलं, "अगं, यात हिशेब कुठे संपतो आणि मेसेज कुठे सुरू होतो?"

मला सांगता येईना.

"लेख लिहिताना परिच्छेद पाडतेस ना? मग इथे काय झालं?"

वहिनीने सांगितलं, याला रिफॅक्टरिंग म्हणतात. मार्टिन फाउलर यांच्या याच नावाच्या १९९९ च्या पुस्तकाने हा शब्द जगभरातल्या प्रोग्रामरांच्या तोंडी बसवला. अर्थ सोपा आहे: कोड बाहेरून जे काम करतो ते तसंच ठेवायचं, आतली मांडणी तेवढी सुधारायची. म्हणून पहिला नियम, मांडणी आणि चूक एकाच वेळी सुधारायची नाही. तिने आधीच्या तीन महिन्यांची बिलं वेगळ्या पानावर जपून ठेवली. प्रत्येक छोट्या बदलानंतर बिलं पुन्हा काढायची आणि जुन्यांशी ताडून बघायची.

"पण वहिनी, आजोबांचं बिल तर चुकीचंच आहे!"

"आत्ता तेही तसंच चुकीचं यायला हवं. नाहीतर काय बिघडलं आणि काय सुधारलं हे कळणार कसं?"

मग आम्ही तुकडे पाडायला घेतले. जिथे मी ओळींच्या वर 'इथून खाडे' अशी टीप लिहिली होती, तिथे नवं फंक्शन. ती टीपच त्याचं नाव! जावास्क्रिप्टमध्ये नावं देवनागरीतही चालतात. त्यामुळे चार फंक्शनं झाली: दिवस_मोज, दर_शोध, रक्कम_काढ, मेसेज_लिही. प्रत्येकाला लागेल तेवढीच माहिती द्यायची, त्याने एकच उत्तर परत द्यायचं. मुख्य फंक्शन सात ओळींचं उरलं.

आणि चूक आपोआप समोर आली. खाडे मोजणाऱ्या बारा ओळी फक्त खाडे सुरू झाल्याचा महिना बघत होत्या. जुलैत सुरू होऊन ऑगस्टमध्ये गेलेले दिवस त्यांना दिसतच नव्हते. २१० ओळींत जे दोन संध्याकाळी सापडलं नाही, ते बारा ओळींत लगेच सापडलं. दुरुस्त केल्यावर आणखी दोन घरांची बिलंही कमी झाली.

उत्साहाच्या भरात मी प्रत्येक दोन ओळींचं वेगळं फंक्शन करायला निघाले. वहिनीने थांबवलं. आमचं मल्लेश्वरम १८९८ च्या प्लेगनंतर वसवलं गेलं. जुन्या पेठेतली गर्दी टाळून इथे सरळ रस्ते आखले आणि क्रॉसला नंबर दिले. 'तेरावा क्रॉस' म्हटलं की रिक्षावाल्याला बाकीचं मल्लेश्वरम समजावून सांगावं लागत नाही. वहिनी म्हणाली, "पण प्रत्येक घराला वेगळा क्रॉस दिला असता, तर पत्ता सापडला असता का?" ज्या तुकड्याच्या नावाने वाचणाऱ्याचं काम हलकं होतं, तोच वेगळा काढायचा.

मग आत्याला बोलावलं. तिने चष्मा लावून चारही नावं वाचली.

"रविवार कुठे वगळलास?"

"दिवस_मोजमध्ये."

"आणि अनामत?"

"रक्कम_काढमध्ये."

"का? अनामत ही कमाई नाही गं, परत द्यायचे पैसे आहेत. वेगळी ठेव."

पाचवं फंक्शन आत्याने सुचवलं. दोन वर्षं तिचाच हिशेब तिला वाचता येत नव्हता, कारण मी तो तसा लिहिला होता. कॉम्प्युटरला २१० ओळी सलग असल्या तरी फरक पडत नाही. फरक पडतो तो माणसाला. तुम्ही घरासाठी शीट, हिशेब किंवा नुसती कामांची यादी लिहीत असाल, तर ती तुमच्या माघारी कोण वाचणार आहे ते आधी आठवा.

आत्या तिन्ही घरी स्वतः जाऊन पैसे परत देऊन आली. आजोबांनी रोजचा डबा अजून सुरू केलेला नाही. एकादशीचा मात्र मागवतात.

जुनी वही टेबलावरच आहे. दर महिन्याच्या एक तारखेला आत्या त्यात तीन घरांचा हिशेब हाताने करते आणि माझ्या बिलांशी ताडून बघते. सुरुवातीला मला वाईट वाटायचं. आता वही मीच उघडून देते.