यादीतलं नाव

१३ मे २०२४. इंदूरला लोकसभेचं मतदान होतं आणि माझं हे पहिलंच मत. आजीला व्हीलचेअरवर बसवून बूथवर नेलं. पोलिंग ऑफिसरने यादीवर बोट ठेवून तिचं नाव मोठ्याने वाचलं आणि मी दचकलेच. घरात ती आई, आजी, काकू. गल्लीत बाबांची आई. तिचं नाव असं खणखणीत मी कधी ऐकलंच नव्हतं. तिने मात्र "हो, मीच" म्हणत शाईसाठी बोट पुढे केलं.

यंदा एका असाइनमेंटसाठी १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीबद्दल वाचताना तो आवाज पुन्हा कानात घुमला. तेव्हा यादी करायला माणसं घरोघरी गेली, तर कितीतरी बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी, एवढंच. परक्या पुरुषासमोर नाव कसं घ्यायचं? पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं, की अशी नोंद चालणार नाही. सुमारे आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख जणी यादीबाहेर राहिल्या. त्यातल्या बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, विंध्य प्रदेश आणि मध्य भारतातल्या. मध्य भारत म्हणजे आपलंच इंदूर, ग्वाल्हेर!

आधी मला सेन यांचा रागच आला. इतक्या जणींचं मत गेलं ना! मग १९३५ च्या कायद्याबद्दल वाचलं. त्यात मताला मिळकतीच्या, शिक्षणाच्या अटी होत्या. नवरा पात्र असेल तर त्याची बायको म्हणूनही काहींना मत मिळायचं. म्हणजे मत यायचं ते नवऱ्याच्या दारातून. संविधानाच्या कलम ३२६ ने ते दार वगळलं. वय २१ पूर्ण, बस्स. ना मिळकत, ना शाळा, ना कुंकू. मग अशा मताला 'अमक्याची बायको' हे नाव कसं पुरणार?

बाप्तिस्म्याच्या वेळी फादर सगळ्यात आधी विचारतात, "बाळाचं नाव काय ठेवताय?" मग बाकीचा विधी. प्रत्येकाला देव नावाने ओळखतो, असं आपण लहानपणापासून ऐकतो. मतदारयादीनेही बाईला तेच विचारलं.

आज मी २१ वर्षांची आहे. मताचं वय १८ झालं १९८९ मध्ये. त्याआधी असते, तर मला आता कुठे मत मिळालं असतं. ते न मागता हातात आलं, म्हणून आभार मानायचेही राहून गेले. ते मानायचेत त्या बायकांचे, ज्यांनी उंबऱ्यात उभं राहून, घाबरत का होईना, पहिल्यांदा स्वतःचं नाव उच्चारलं.

हा लेख आजीला वाचून दाखवला. "तुझं नाव छापू का मासिकात?" विचारलं.

"नको गं," ती म्हणाली. "यादीत आहे तेवढं पुरे. तिथलं मात्र नीट बघत जा, कुणी खोडलं तर नाही ना."