गॅदरिंगचा ड्रोन

डिसेंबर उजाडला की आमच्या ड्रोन प्रयोगशाळेचा भाव वधारतो. गॅदरिंग, माजी विद्यार्थी मेळावा, दीक्षान्त समारंभ, प्रत्येकाला ‘वरून एक शॉट’ हवा असतो. अर्ज परत पाठवला की ठरलेलं उत्तर येतं, ‘‘सर, शैक्षणिक संस्थांना सूट आहे ना?’’

सूट आहे, खोटं कशाला बोलू? ऑगस्ट २०२१च्या ड्रोन नियमांनी सरकारमान्य शैक्षणिक संस्थांना टाइप सर्टिफिकेट, नोंदणी क्रमांक आणि पायलटचं प्रमाणपत्र यांतून मोकळं केलं. म्हणून तर आमची पोरं सकाळी सोल्डर केलेलं यंत्र दुपारी उडवून बघतात. पण ही सूट संशोधन, विकास आणि चाचणीपुरती आहे. तीही हिरव्या क्षेत्रात आणि संस्थेच्या आवारात किंवा ताब्यातल्या मोकळ्या जागेत. प्रमुख पाहुण्यांच्या डोक्यावर घिरट्या घालणं कुठल्या संशोधनात बसतं? बाहेरून आणलेल्या शूटिंगवाल्याला तर ही सूट लागूच नाही. त्याचं यंत्र २५० ग्रॅमच्या वरचं असलं की प्रमाणपत्र आणि विमा दोन्ही दाखव म्हणतो. बरेच जण तिथेच गळतात.

हिरवं क्षेत्र म्हणजे साधारण ४०० फुटांपर्यंतचं मोकळं आकाश. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ते २०० फुटांवर येतं, ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय काही नाही. पुण्यात लोहगावचा तळ हवाई दलाचा, शिवाय खडकीची छावणी आणि पाषाणच्या संरक्षण प्रयोगशाळा. त्यातच राज्य सरकार एखादा भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल ठरवू शकतं. त्यामुळे कालचा नकाशा आज चालत नाही. उडवायच्या दिवशी सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरचा नकाशा उघडायचाच.

नकाशा हिरवा निघाला म्हणजे झालं, असं मात्र नाही. दोन किलोचं यंत्र २०० फुटांवरून सुटलं, तर हवेचा विरोध न धरता साडेतीन सेकंदांत ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येतं. माझी खरी धास्ती त्याहून साधी आहे. संपर्क तुटला की ड्रोन आपोआप ठरवलेल्या उंचीवर जाऊन सरळ रेषेत परत निघतो. ती उंची ३० मीटर ठेवली आणि वाटेत ३५ मीटरची पाण्याची टाकी असली, तर? अडथळा टाळणारे सेन्सर सगळ्या यंत्रांना नसतात आणि असले तरी तारा, बारीक फांद्या त्यांना धड दिसत नाहीत. गच्चीवरून उडवाल, तर स्लॅबमधल्या सळया होकायंत्राला चकवतात. म्हणून आमच्याकडे आधी पायी फेरी, मग परतीची उंची सर्वांत उंच वस्तूच्या दहा मीटर वर, मगच बॅटरी. फुगलेली बॅटरी दिसली तर त्या दिवशी उड्डाण नाही, मग समोर कुलगुरू असोत. आणि मुलींच्या वसतिगृहाकडे कॅमेरा वळवायचा नाही. हे लिहून टांगावं लागतं याची लाज वाटते, पण टांगलंय.

उडवतो आम्ही सकाळी लवकर, क्रिकेटच्या मैदानावर. ऊन चढलं की घारी वर येतात आणि ड्रोनवर झडप घालतात.

यंदा गॅदरिंगच्या समितीला मी गच्चीवर उंच दांड्याला कॅमेरा लावा म्हणून सुचवलं. परवा त्यांचा सुधारित अर्ज आला. विषय : ‘गॅदरिंगमधील जनसमुदायाच्या हालचालींचे संशोधन’.