किल्ल्याची कॉपी

मधल्या सुट्टीची घंटा झाली. मी डबा उघडते न उघडते तोच चौथी 'अ'ची पाच-सहा मुलं शिक्षकखोलीच्या दारात हजर! सगळ्यांत पुढे असलेल्या मुलीचे डोळे रडून लाल झालेले.

"बाई, 'ब'नं आमची कॉपी केली!"

"कसली कॉपी? आज तर परीक्षा नाही."

मग सगळी एकदमच बोलायला लागली. आमच्या शाळेचा क्रीडा महोत्सव आठवड्यावर आला होता. यंदा प्रत्येक तुकडीनं स्वतःचा एक अडथळ्यांचा खेळ बसवायचा, असं ठरलं होतं. 'अ'नं जुने टायर, दोरखंड, पोती आणि बादलीभर चिखल जमवला. टायरमधून उड्या मारायच्या, दोरीखालून सरपटत जायचं, पोत्यात पाय घालून पळायचं आणि शेवटी चिखलात हात घालून किल्ली शोधायची. किल्ली सापडली की पेटी उघडायची. पेटीत काय? चिंचा! आणि काल संध्याकाळी 'ब'ची मुलं मैदानावर अगदी हाच खेळ खेळताना दिसली. तोच चिखल, तीच किल्ली. चिंचांऐवजी बोरं, एवढाच काय तो फरक.

"परीक्षेत कॉपी केली की तुम्ही पेपर काढून घेता ना? मग आता त्यांचा खेळ काढून घ्या!" ती मुलगी म्हणाली. खेळ तिनंच बसवला होता.

मी विचारलं, "तुम्हाला कुठून सुचला हा खेळ?"

"टीव्हीवर बघून..." एक मुलगा बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

मुलगी जरा गडबडली. "पण टीव्हीवरचं चालतं ना, बाई? ते तर सगळ्यांचंच असतं."

मी तिला लगेच उत्तर दिलं नाही. एक तर मला नीट उत्तर येत नव्हतं. दुसरं कारण शेवटी सांगते. मी एवढंच म्हटलं, "उद्या शेवटच्या तासाला 'अ' आणि 'ब' एकत्र बसा. आपण एका किल्ल्यावर जाणार आहोत."

तर मुलांनो, चला, तुम्हीही चला. तिकीट नको, बोटीचा खर्च नको, फक्त नकाशाची वही काढा. मीसुद्धा तिथं गेलेली नाही बरं का! पुस्तकं, नकाशे आणि चित्रफिती हीच आपली होडी.

युरोपच्या नकाशात फ्रान्स शोधा. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर अटलांटिक महासागर आहे. तिथं ला रोशेल नावाचं जुनं बंदर आहे. त्याच्या दक्षिणेला समुद्रात दोन बेटं दिसतील : छोटं एक्स आणि मोठं ओलेराँ. या दोन बेटांच्या मधोमध, चारी बाजूंनी पाणी, आणि पाण्यातून सरळ वर आलेल्या उंच भिंती. दुरून वाटावं, एक दगडी जहाज नांगर टाकून उभं आहे. हाच तो किल्ला, फोर्ट बोयार. लांबी ६८ मीटर, रुंदी ३१ मीटर आणि भिंती २० मीटरपर्यंत उंच. म्हणजे जवळजवळ सहा-सात मजली इमारत!

आपला सिंधुदुर्ग खडकाळ बेटावर उभा आहे. बोयारच्या खाली मात्र वाळूचा दांडा आहे. वाळूवर किल्ला? चौदाव्या लुई राजाच्या मनात इथं किल्ला बांधायचं आलं, तेव्हा वोबाँ या त्याच्या नामांकित दुर्गबांधणीकारानं त्याला सांगितलं म्हणतात, की महाराज, त्यापेक्षा दातांनी चंद्र पकडणं सोपं!

पण गरज मोठी होती. जवळच रोशफोर इथं फ्रान्सच्या आरमाराची गोदी होती. दोन्ही बेटांवरच्या तोफांचे गोळे मधल्या समुद्रापर्यंत पोचत नसत. त्या फटीतून शत्रूची जहाजं आत घुसू शकत. शेवटी नेपोलियनच्या काळात, १८०४ साली काम सुरू झालं. वाळूत दगड टाकायचे, लाटांनी ते हलवायचे, पुन्हा टाकायचे. १८०९ मध्ये काम थांबलं. पुढे कितीतरी वर्षांनी ते पुन्हा हाती घेतलं आणि १८५७ मध्ये किल्ला उभा राहिला. पन्नासहून जास्त वर्षं लागली!

आणि मग काय झालं ठाऊक आहे? तोवर तोफाच सुधारल्या. बेटांवरून गोळे सहज मध्यापर्यंत पोचू लागले. म्हणजे किल्ला तयार झाला त्याच वेळी निकामी ठरला. काही काळ तिथं तुरुंग होता. पुढे सैन्यानं तो सोडूनच दिला. १९६२ साली तर बेल्जियममधल्या एका दंतवैद्यानं लिलावात हा किल्ला विकत घेतला. दात काढणाऱ्याचा किल्ला! पण खरे मालक होते समुद्रपक्षी. अंगणात त्यांच्या विष्ठेचे जाड थर साचले होते.

हे ऐकून 'ब'चा एक मुलगा म्हणाला, "बाई, म्हणजे किल्ला नापास झाला?"

"नापास झाला खरा, पण त्याला पुढच्या वर्गात एकानं घातलं." मी म्हटलं.

तो माणूस म्हणजे झाक आंत्वान. फ्रान्समध्ये दूरदर्शनसाठी खेळ तयार करण्यात त्याचा हातखंडा होता. त्याच्या कंपनीनं १९८८ मध्ये हा पडका किल्ला घेतला आणि पुढल्या वर्षी तिथल्या जिल्ह्याला विकून टाकला. किंमत फक्त एक फ्रँक! अट अशी, की जिल्ह्यानं दुरुस्ती करायची आणि चित्रीकरण कंपनीला करू द्यायचं. ७ जुलै १९९० रोजी फ्रेंच टीव्हीवर खेळ सुरू झाला.

खेळ कसा? खेळाडूंचा एक संघ किल्ल्यात शिरतो. प्रत्येक कोठडीत एक कोडं किंवा अडथळा. कुठे लोंबकळत जायचं, कुठे किड्यामुंग्यांच्या भांड्यात हात घालायचा, आणि किल्ली घेऊन बाहेर यायचं. बाहेर पाण्याचं घड्याळ ठिबकत असतं. पाणी संपलं की दार बंद, आणि आतला खेळाडू कैदी! वरच्या मनोऱ्यात पांढऱ्या दाढीचा म्हातारा बसतो, पेर फुरा. तो कोडी घालतो. समोरच्या किनाऱ्यावरच्या फुरा गावावरूनच त्याचं नाव पडलं. सुरुवातीच्या वर्षांत तर खजिन्याच्या दालनात खरेखुरे वाघ फिरत असत. ते आत गेले की मगच खेळाडूंनी सोन्याच्या नाण्यांकडे धावायचं.

आता नीट बघा. टायर नाहीत, पण अडथळे आहेत. चिखल नाही, पण किल्ली आहे. दोन्ही तुकड्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

असा खेळ गाजला की तो सगळ्यांनाच हवासा वाटतो. मग मिळवायचा कसा? जगात याच्या तीन वाटा दिसतात.

पहिली वाट, विचारून घ्यायचा. स्वीडन आणि इतर देशांच्या वाहिन्यांनी हेच केलं. पैसे मोजले, परवानगी घेतली आणि आपापले खेळाडू घेऊन थेट या किल्ल्यावरच आल्या. उन्हाळ्यात एका देशाचं चित्रीकरण झालं की दुसऱ्याचं. कोठड्या त्याच, भाषा वेगळी. तीसहून जास्त देशांचे कार्यक्रम असे इथं झाले. २०११ पासून काही वर्षं ब्रिटन आणि अमेरिकेतल्या वाहिन्यांसाठी खास मुलामुलींचे संघही इथं खेळले. अशा परवान्याबरोबर एक जाडजूड पुस्तक मिळतं. दिवे कुठे लावायचे, संगीत कधी वाजवायचं, नियम कसे सांगायचे, सगळं त्यात असतं. या धंद्यात त्याला 'बायबल' म्हणतात.

दुसरी वाट गमतीची आहे. ब्रिटनच्या चॅनेल फोर वाहिनीलाही हा खेळ हवा होता. पण तेव्हा किल्ला मोकळाच नव्हता. मग? आंत्वानच्याच मदतीनं त्यांनी स्टुडिओत एक चक्रव्यूह उभारला, 'द क्रिस्टल मेझ'. त्यात चार प्रदेश : एक मध्ययुगातला, एक प्राचीन अ‍ॅझ्टेक लोकांचा, एक कारखान्याचा आणि एक भविष्यातला. किल्लीच्या जागी काचेचा गोळा आला. एक गोळा मिळवला की शेवटच्या खेळात पाच सेकंद जास्त. कोठडीत कोंडलं जाण्याची भीती मात्र तशीच राहिली. आणि मजा म्हणजे हा कार्यक्रम फेब्रुवारी १९९० मध्येच दाखवला गेला, मूळ किल्ल्याच्या चार-पाच महिने आधी! धाकटा भाऊ थोरल्याच्या आधी शाळेत गेला.

तिसरी वाट, न विचारता उचलायचं. इथं भांडणं होतात. 'ताकेशीज कॅसल' तुमच्या आई-बाबांना विचारा. पोगो वाहिनीवर जावेद जाफरीच्या हिंदी बडबडीसह त्यांनी तो पोट धरून पाहिला असेल. तो जपानी कार्यक्रम १९८६ ते १९९० या काळातला. पुढे २००८ मध्ये अमेरिकेत 'वाइपआउट' आला. तिथंही माणसं उड्या मारत, आपटत, पाण्यात पडत. आमचीच नक्कल केली, म्हणून जपानी कंपनीनं खटला भरला. २०११ मध्ये आपसांत तडजोड झाली. आणि हाच 'वाइपआउट' स्वतःही देशोदेशी विकला गेला! अर्जेंटिनात एक मोठं मैदान उभारलं होतं. निरनिराळ्या देशांचे खेळाडू तिथं जाऊन पडत. २०११ मध्ये शाहरुख खाननं सादर केलेल्या 'जोर का झटका'साठी आपल्याकडचे कलाकारही तिथं गेले होते.

"मग न विचारता घेतलं तर पोलीस पकडतात का?" एकीनं विचारलं.

दरवेळी नाही. न्यूझीलंडच्या एका खटल्यात १९८९ साली वरिष्ठ न्यायाधीशांनी सांगितलं, की कार्यक्रमाची नुसती मोघम कल्पना ही काही कोणाची मालमत्ता होत नाही. तसं नसतं तर जगात पहिल्यांदा पोत्यात पाय घालून जो पळाला, त्याला आपण सगळ्यांनी पैसे द्यायला हवे होते! पण कायदा पकडत नाही, म्हणून मनाला बोचायचं थांबतं का?

वर्ग शांत झाला. मग 'ब'चा म्होरक्या उभा राहिला. "बाई, आम्ही खिडकीतून बघितलं. आवडलं म्हणून घेतलं." जरा थांबून तो म्हणाला, "पण आमच्या वर्गामागं वडाच्या पारंब्या आहेत. त्या 'अ'कडे नाहीत."

बस्स! दोन दिवसांत 'ब'चा खेळ बदलला. चिखल गेला. पारंबीला लोंबकळून ओढा पार करायचा, असा नवा खेळ आला. ओढा म्हणजे खडूनं काढलेल्या दोन रेघा. किल्ली तेवढी राहिली, पण ती त्यांनी 'अ'ला विचारून घेतली. महोत्सवाच्या दिवशी पुठ्ठ्याच्या पाटीवर लिहिलं होतं : 'किल्लीची कल्पना – चौथी अ'. आणि त्या मुलीनं काय करावं? आपल्या पाटीवर खाली बारीक अक्षरांत लिहिलं : 'आम्हाला टीव्हीवरून सुचलं'.

ती पाटी वाचून माझी मान खाली गेली. आता ते दुसरं कारण सांगते.

पाच वर्षांपूर्वी तालुक्याच्या शैक्षणिक साहित्य प्रदर्शनात मी पाढ्यांचं एक फिरतं चक्र मांडलं होतं. त्याला दुसरा क्रमांक मिळाला. पण ते चक्र माझं नव्हतं. डीएडला माझ्याबरोबर असलेल्या एका मैत्रिणीनं ते तिच्या वर्गासाठी बनवलं होतं. मी पाहिलं, आवडलं, रंग बदलून केलं. तिचं नाव कुठंच लिहिलं नाही. प्रमाणपत्र कपाटात पडून आहे. ते भिंतीवर लावायला हात धजला नाही.

महोत्सवाच्या रात्री मी तिला फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग ती म्हणाली, "अगं, मला माहीत होतं. बक्षीस समारंभाला मी मागच्या रांगेत बसले होते."

पाच वर्षं ती काही बोलली नव्हती. तिसऱ्या वाटेनं जाणाऱ्याला मागची रांग दिसत नाही, हेच खरं.

आता प्रमाणपत्राच्या खाली मी तिचं नाव लिहिलं आहे, आणि ते वर्गात लावलं आहे. मुलं विचारतात, "बाई, या कोण?" मी सांगते.

बोयारच्या किल्ल्याला आता लाटांनी घेरलं आहे. त्याचं संरक्षण करणारा जुना दगडी बांध समुद्रानं केव्हाच खाल्ला. म्हणून २०२५ पासून मोठं दुरुस्तीचं काम सुरू झालं आहे. पर्यटकांना आत जाता येत नाही, होडीतून प्रदक्षिणा घालता येते. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी तिथं गेलंच, तर आमच्या चौथीच्या दोन्ही तुकड्यांचा नमस्कार सांगा. आणि हो, तुमच्या शाळेत कुठला खेळ बसवलात, तो कुणाचा बघून सुचला, आणि त्यात तुमची पारंबी कोणती, ते आम्हाला जरूर कळवा!