गोठ्यातली जयणा

पावसाळ्यात बडोद्याच्या पांजरपोळात गेलं की आधी माश्याच भेटतात. शेपटी मारून मारून गाय थकते, त्या डोळ्यांच्या कडेला बसतातच. आमच्या हिशेबात गाय पंचेंद्रिय, माशी चतुरिंद्रिय, जीव दोघींतही. मग औषध फवारायचं का? सासूबाई म्हणत, "मारायची वेळच येऊ देऊ नका." पशुवैद्यही तेच सांगतात. ओल्या शेणातल्या अंड्याची गरम हवेत आठ-दहा दिवसांत माशी होते. शेण रोज उचललं तर ती जन्मतच नाही. गोचीड रक्त पिऊन गळते, भिंतीच्या फटीत अंडी घालते, फटी बुजवा. "शेणातल्या अंड्यांचं काय?" असं विचारणारे भेटतात, त्यांच्या हाती मी खराटा देते. जखमेत अळ्या पडल्या की मात्र डॉक्टरांना अडवत नाही. गाईचं तोंड धरून उभी राहते.