पाण्याचा वार आणि नेटचा वार

"बाई, नेट गेलं होतं" हे वाक्य मी २०२० साली किती वेळा ऐकलं, त्याची गणतीच नाही. करोनामुळे शाळा बंद होत्या आणि वर्ग मोबाइलवर भरत होते. मी चिंचवडला राहते, चौथीला शिकवते. सकाळी साडेदहाला मी आतल्या खोलीत दार लावून बसायचे. पडद्यावर छोट्या छोट्या चौकटींत मुलं दिसायची. त्यातली एक चौकट मात्र रोज मध्येच गायब व्हायची.

"काय रे, कुठे गेला होतास?"

"बाई, नेट गेलं होतं."

पहिल्यांदा मी ऐकून घेतलं. दुसऱ्यांदाही घेतलं. पाचव्या-सहाव्या वेळी मात्र माझा पारा चढला. "वर्ग सुरू झाला की बरं तुझंच नेट जातं! बहाणे पुरे झाले," असं मी सगळ्यांसमोर म्हणाले आणि हजेरीत त्याच्या नावापुढे फुली मारली. तो काहीच बोलला नाही. नुसता खाली बघत राहिला.

आणि मग काय झालं, सांगू? सप्टेंबरात माझंच नेट जायला लागलं!

भागाकार ऐन रंगात आला की पडदा थिजायचा. मोबाइलचं नेट चालू करून वर्ग पुन्हा जोडेपर्यंत दहा मिनिटं जायची. मी तक्रार केली. एका दुपारी माणूस येऊन तारा आणि दिवे तपासून गेला. "लाइन एकदम ओके आहे, मॅडम," म्हणाला. दुसऱ्याच दिवशी वर्गात पुन्हा तेच. "मुलांनो, माफ करा हं, नेट गेलं होतं," मी म्हणाले आणि पटकन जीभ चावली. तो मुलगा चौकटीतून माझ्याकडे बघत होता. पण हसला नाही हं तो. उलट संध्याकाळी त्याचाच फोन आला.

"बाई, आमच्या नेटचा बिघाड सापडला. बाबांनी मला वही घालायला लावली होती. तुम्ही पण घाला ना!"

त्याचे बाबा चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर. मशीन बंद पडलं की बिघाड शोधायचा, हेच त्यांचं काम. त्यांनी फोन घेतला. "बाई, आधी डोळे, मग हात. मशीनला लगेच हात लावायचा नाही, आधी बघायचं. दुसरं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशामुळे सुरू झालं ते कळत नाही. आणि तिसरं, जे दिसलं ते वेळेसकट लिहायचं."

तोपर्यंत नेट गेलं की मी काय करत होते? मोबाइलवर धावत होते. राऊटरकडे एकदाही बघितलं नव्हतं! राऊटर बोलत नाही, पण त्याचे दिवे बोलतात. पॉवरचा दिवा सांगतो, मला वीज मिळतेय. वाय-फायचा दिवा सांगतो, मी घरात लहरी सोडतोय. फायबरच्या जोडणीत एलओएस नावाचा एक दिवा असतो. तो लाल झाला तर समजायचं, बाहेरून येणारा प्रकाश आपल्यापर्यंत पोचत नाही.

हो, प्रकाशच! फायबर म्हणजे काचेचा तंतू. त्याचा आतला गाभा आपल्या केसाहूनही कितीतरी बारीक असतो. त्यातून प्रकाश परावर्तित होत होत पळतो, एका सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर. आपल्या पंजाबातल्या मोगा गावी जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर अशा तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे पाठवून दाखवलं. त्यांचा तो लेख १९५४ साली छापून आला. पण हा तंतू जोरात दुमडला की प्रकाश त्या वळणावर बाहेर सांडतो.

त्या मुलाच्या घरी नेमकं हेच होत होतं. त्याच्या वहीत प्रत्येक वेळी लिहिलेलं होतं, 'लाल दिवा. दार बंद.' तार दाराच्या चौकटीतून आत आली होती. दार लावलं की ती चिमटायची. आणि दार तो का लावायचा? धाकट्या भावंडांचा गोंगाट वर्गात येऊ नये म्हणून! अभ्यासासाठी दार लावायचा, म्हणून नेट जायचं, आणि मी त्याला बहाणेखोर म्हणाले होते. बाबांनी सगळी तार वरच्या कोपऱ्यातून मोठं वळण देऊन आणली, आणि लाल दिवा पुन्हा लागला नाही.

मीही वही घातली. सोमवारी गेलं, मंगळवारी नाही, बुधवारी गेलं, गुरुवारी नाही, शुक्रवारी गेलं. आधी मला वाटलं, विजेचा घोटाळा असेल. पण आमच्याकडे देखभालीसाठी लाइट जाते ती गुरुवारी, आणि गुरुवारी तर नेट छान चाललं होतं. पुढच्या आठवड्यात वार बदलले. मंगळवार, गुरुवार, शनिवार! मी चक्रावले. संध्याकाळी फोनवर वही वाचून दाखवली, तर तो मुलगा पटकन म्हणाला, "बाई, हे तर पाण्याचे वार!"

पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून पाणी एक दिवसाआड येत होतं. पण पाण्याचा आणि नेटचा संबंध काय?

पुढच्या पाण्याच्या दिवशी पडदा थिजताच मी दार उघडून बाहेर आले. राऊटरचे सगळे दिवे विझलेले. लाल नाही, हिरवा नाही, काहीच नाही. म्हणजे बिघाड बाहेरच्या तारेत नव्हता, राऊटरला वीजच नव्हती! त्याचा प्लग भिंतीवर लोंबत होता, त्याच्या जागी पाण्याच्या मोटरचा प्लग होता आणि मोटर घरघरत खालच्या टाकीतलं पाणी वर चढवत होती.

"आई, हा प्लग कोणी काढला?"

"मीच काढते की," सासूबाई म्हणाल्या. "टाकी भरली की लावते परत. अगं, मला कुणी विचारलंच नाही!"

खरंच होतं ते. मी तक्रारी केल्या, माणूस बोलावला, पण घरातल्या माणसाला विचारलं नव्हतं.

फिटरकाकांना सांगितलं तर ते म्हणाले, "आता पाच वेळा 'का?' विचारा." जपानच्या टोयोटा कारखान्यांत ताइइची ओनो यांनी रुजवलेली ही सवय. मी विचारत गेले. नेट का गेलं? राऊटर बंद पडला. का? प्लग काढला. का? मोटर लावायची होती. मग मोटरचं सॉकेट का नाही वापरलं? ते पावसाळ्यात जळालं होतं. ते बदललं का नाही? कारण "नंतर बघू" असं म्हटलं होतं. कोणी? मी! दुसऱ्याच दिवशी वायरमन बोलावून नवं सॉकेट बसवलं.

तेव्हा मुलांनो, तुमच्याकडे नेट गेलं तर आधी दिवे बघा आणि लिहून ठेवा. लगेच बंद-चालू केलंत तर कदाचित सुरू होईल, पण खूणही पुसली जाईल. दिवे बघून झाले की बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू करा. सगळे दिवे नीट असूनही नेट हळू असेल तर राऊटर लोखंडी कपाटामागे तर नाही ना, ते पाहा. बारीक भोकातलं रीसेटचं बटण दाबू नका, सगळी सेटिंग जातात. ओल्या हाताने प्लगला हात नको. आणि फायबरच्या उघड्या टोकात डोळा लावून कधीही बघू नका. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

त्या दिवशी वर्ग सुरू होताच मी आधी त्या मुलाचं नाव घेतलं. "मुलांनो, मी याला सगळ्यांसमोर बहाणेखोर म्हणाले होते. सगळ्यांसमोरच सांगते, माझं चुकलं. मी न बघताच ठरवलं." हजेरीतली फुलीही खोडली.

तो लाजला. मग हळूच म्हणाला, "बाई, आज पाण्याचा वार नाही. भागाकार पूर्ण होईल."