चेहरा झाकल्यावर

अभिनय म्हणजे चेहरा आणि चेहऱ्यात डोळे, असं मी आयुष्याचा मोठा भाग ठामपणे मानत आले. कर्जतजवळच्या दहिवलीतली गणपतीची नाटकं, शाळेचं गॅदरिंग, कधीमधी एखादी एकांकिका, एवढंच माझं रंगकाम. पण त्यात मी जीव ओतला. कुणाला काम द्यायचं झालं की आधी त्याचे डोळे बघायचे. त्यामुळे मुखवटा चढवून, अंगाला चिकटलेल्या रंगीत पोशाखात उड्या मारणारे कॉमिक्समधले नायक आणि त्यांच्यासमोर उभे राहणारे भडक रंगांचे खलनायक यांची कामं मी अभिनयात कधी धरलीच नाहीत. ते काम शिंप्याचं, मेकअपमनचं आणि कॅमेऱ्याचं, नटाचं नव्हे, असं मी वर्गात, तालमीत, घरात बोलत असे. आज माझं मत नेमकं उलट आहे. मुखवट्याआडून काम करणाऱ्या नटाला मी आता उघड्या चेहऱ्याच्या नटाइतकाच, काही वेळा त्याहून वरचा मान देते.

कॉमिक्सचा मला कधीच राग नव्हता. टाइम्स समूहाने १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं आणि आमच्या पिढीचं बालपण त्यावर पोसलं गेलं. माझा भाऊ कर्जत स्टेशनवरून अंक घेऊन यायचा आणि उल्हास नदीवरचा पूल ओलांडून घरी पोचेपर्यंत त्याचा वाचूनही झालेला असायचा. ली फॉकने १९३६ साली निर्माण केलेला फँटम आमच्याकडे वेताळ होऊन मराठी बोलत होता. त्या चित्रांतली एक गोष्ट मला फार आवडायची. वेताळाच्या मुखवट्यातून डोळ्यांची बुबुळं कधी दिसत नसत, नुसत्या पांढऱ्या फटी. तो कुठे बघतोय हे कळायचं नाही, म्हणून तो सगळीकडे बघतोय असं वाटायचं.

पुढे १९९६ च्या चित्रपटात बिली झेनने वेताळ केला. तो पाहून मी हिरमुसले. मुखवट्यातून चक्क माणसाचे डोळे दिसत होते आणि त्याहून वाईट म्हणजे त्याचा आवाज ऐकू येत होता. चित्रातल्या वेताळाला आवाज नव्हता. तो मी दिला होता, माझ्या भावाने त्याचा वेगळा दिला होता, आणि दोघांनाही आपापला आवाज अगदी खरा वाटत होता. तेव्हा मी याचा दोष नटाला दिला. आता वाटतं, या कामाची खरी अवघड जागा तीच. नाटकातल्या पात्राला पहिला आवाज नटच देतो. कॉमिक्समधल्या पात्राला लाखो वाचकांनी आधीच आपापला आवाज देऊन ठेवलेला असतो, आणि नटाला त्या सगळ्यांच्या मनातला आवाज पुसून स्वतःचा बसवावा लागतो. डेडपूलसारख्या, बहुतेक वेळ पूर्ण चेहरा झाकलेल्या पात्राला हिंदीत आवाज देणारा संकेत म्हात्रे आपल्यातलाच. चेहरा परक्याचा, तोही झाकलेला, आणि विनोद मात्र इथल्या पोरांना पटकन कळले पाहिजेत. असलं काम मी पूर्वी हिशेबातही घेतलं नसतं.

माझं जुनं मत आणखी घट्ट झालं ते १९९७ साली दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ सुरू झाल्यावर. शाळेच्या मैदानात पोरं एक हात वर करून गरगर फिरायची, चक्कर येऊन पडायची, गुडघे फोडून घ्यायची. मी शिक्षिका, मला काळजी वाटायची आणि काळजीचा राग व्हायचा. त्यात शक्तिमान झालेले मुकेश खन्ना म्हणजे ‘महाभारत’मधले भीष्म आणि त्याचा वैरी किल्विष झालेले सुरेंद्र पाल म्हणजे त्याच मालिकेतले द्रोणाचार्य! कुरुसभेतले दोन वृद्ध एकमेकांसमोर अशा वेशात उभे राहिलेले बघून मला खरोखर वाईट वाटलं होतं. त्या नादात माझं एका गोष्टीकडे लक्षच गेलं नाही. शक्तिमान करणारा तोच नट पुढे आलेल्या दातांचा, चष्म्याचा, धांदरट गंगाधरही करत होता आणि लहान मुलं त्या गंगाधरवर शक्तिमानइतकंच प्रेम करत होती.

मन पहिल्यांदा हललं ते आमच्याच गॅदरिंगच्या तालमीत. नाटुकल्यात एक राक्षस होता आणि ड्रेपरीवाल्याकडून त्याचा रबरी मुखवटा आला होता, मोठ्या माणसाच्या मापाचा. काम करणारा मुलगा आठवीतला, अंगाने किरकोळ. मुखवटा घातल्यावर त्याचा आवाज आतच घुमायचा, शब्द कळायचे नाहीत. मी म्हटलं, काढून टाक, तोंड रंगवू. तो काढायला तयार होईना. अडचण अशी की मान जरा वळवली की मुखवटा फिरायचा आणि डोळ्यांची भोकं गालावर यायची. म्हणून त्याने मान वळवणंच सोडलं. ऋषी मागून हाक मारतो त्या जागी तो आधी थांबला, मग पाय तसेच ठेवून कमरेपासून अख्खा वळला, सावकाश. पहिल्या रांगेत बसलेली बालवाडीची मुलं मागे सरकली. वाक्य त्याने नंतर म्हटलं. भीती त्याआधीच पोचली होती. चेहरा दिसत नव्हता, आणि जे मी वर्षानुवर्षं डोळ्यांकडून मागत होते ते त्या पोराने पाठीतून दिलं.

हे मी मुलीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “आई, हे तर बॅटमॅनचं झालं,” आणि तिने मला मायकल कीटनची गोष्ट सांगितली. १९८९ च्या ‘बॅटमॅन’साठी त्याची निवड झाली तेव्हा, हा तर विनोदी नट, म्हणून वाचकांनी निषेधाची सुमारे पन्नास हजार पत्रं स्टुडिओला धाडली असं सांगतात. त्यात पोशाखाचं रबरी डोकं खांद्याला जोडलेलं, मान वळतच नव्हती. कीटनने तक्रारीची जागा कामाची केली: बघायचं तर पुरं धड वळवून बघायचं. तीच त्या पात्राची चाल ठरली. पुढे २००८ च्या ‘द डार्क नाइट’मध्ये क्रिश्चन बेलचा बॅटमॅन मान वळवता येईल असा नवा पोशाख मागतो, तेव्हा जुनी अडचण कथेतच आणून सोडवलेली दिसते. मला मात्र कीटनचं ते जड वळणं जास्त भावतं.

मग तिने मला ‘सुपरमॅन’ दाखवला, १९७८ चा, क्रिस्टोफर रीव्हचा. त्यातला एक छोटा प्रसंग मी आता नवशिक्या मुलांना समजावून सांगते. बुजरा क्लार्क केंट लोइसच्या घरी आलाय, ती आत तयार होतेय. त्याला वाटतं, आज खरं सांगून टाकावं. तो चष्मा काढतो. खांदे मागे जातात, पाठ सरळ होते, उंची वाढल्यासारखी वाटते, आवाज खाली उतरतो. समोर सुपरमॅन उभा, अंगावर सूट क्लार्कचाच. मग धीर होत नाही. चष्मा परत डोळ्यांवर, खांदे पुढे, पाठ वाकलेली, आवाज पुन्हा चिरका. रंगभूषा नाही, केप नाही, कॅमेऱ्याची करामत नाही. हे दोन माणसांचं काम एका नटाने श्वासाच्या अंतरावर करून दाखवलंय. ‘एका चष्म्याने कोण फसेल,’ असं हसणाऱ्या प्रत्येकाने तो प्रसंग बघावा. हाच रीव्ह १९९५ मध्ये घोड्यावरून पडून मानेखाली लुळा झाला आणि २००४ मध्ये गेला. त्याच्या त्या सरळ होणाऱ्या पाठीकडे बघताना हे आठवतं आणि मला भरून येतं.

पण खरा आधार मला घरातच सापडला, तो दिलीप प्रभावळकरांमध्ये. महेश कोठारे यांचे चित्रपट मी ‘पोरांचे’ म्हणून बाजूला ठेवले होते. ‘धडाकेबाज’मधला कवटीचा मुखवटा घातलेला कवट्या महाकाळ दहिवलीच्या पोरांना घाबरवत होता, पण मुखवट्यामागे कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मीही कधी विचारलं नाही. १९९३ मध्ये ‘झपाटलेला’ आला. त्यात प्रभावळकर तात्या विंचू. त्यांचा स्वतःचा चेहरा थोडाच वेळ, पुढे गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो. बाहुला रामदास पाध्ये यांनी घडवलेला, आवाज प्रभावळकरांचा. ओठांची उघडझाप होते आणि त्या फाटक्या, घशातल्या घशात घासणाऱ्या आवाजात इतका हावरेपणा आहे की बाहुल्याला मत्सर, भूक, घाई सगळं असल्यासारखं वाटतं. मराठीत कॉमिक्सच्या जातकुळीचा याहून पक्का खलनायक मला दुसरा दिसत नाही.

आणि हेच गृहस्थ ‘चौकट राजा’तला नंदू, ‘हसवा फसवी’त एकाच प्रयोगात सहा माणसं, ‘लगे रहो मुन्नाभाई’मध्ये गांधीजी. ‘फास्टर फेणे’ २०१७ मध्ये पडद्यावर आला तेव्हा अमेय वाघ बनेश झाला, गिरीश कुलकर्णी त्याचा वैरी झाला आणि प्रभावळकर थेट भा. रा. भागवत झाले, त्या पोराचे जन्मदाते! गांधी करणारा नट मोठा आणि तात्या विंचू करणारा किरकोळ, असं मी म्हणायचं तर मला एकाच माणसाचे दोन तुकडे करावे लागत होते. ते मला जमेना.

सप्टेंबर २०२५ मध्ये ‘दशावतार’ आला. मी पनवेलला जाऊन पाहिला. आमच्या कर्जत-खालापूरकडे दशावतार नाही, तो तळकोकणातला. इथे भजनं, जत्रेतला तमाशा आणि गणपतीतली नाटकं. त्यामुळे ती कला मी लांबूनच ओळखत होते. दशावतारी नट आपलं तोंड आपणच रंगवतो, लिहिलेली संहिता नसताना उभ्या उभ्या संवाद रचतो, एका रात्रीत राजाचा देव होतो. चित्रपटातला बाबुली मेस्त्री हा असाच थकलेला नट. प्रभावळकर तेव्हा एक्याऐंशी वर्षांचे. घरात वावरताना त्यांचे गुडघे म्हातारे आहेत. अवतार अंगावर चढला की तेच गुडघे वेगळे रोवले जातात. मुलावर ओढवलेल्या अन्यायापुढे तो म्हातारा वेश घेऊन उभा राहतो, तेव्हा मला जगातले सगळे केपवाले नायक आठवले. वेश घेतल्याशिवाय जे करवत नाही ते वेश घेऊन करायचं, ही गोष्ट न्यूयॉर्कच्या छापखान्यात जन्मलेली नाही. आपल्या देवळांच्या आवारात ती रात्रभर चालत आलीय, काळ्या वेशातल्या संकासुरासकट.

खलनायकांबद्दल तर माझं मत जास्तच बदललं. १९६६ च्या ‘बॅटमॅन’मध्ये सीझर रोमेरोने जोकर करताना आपली मिशी काढायला नकार दिला आणि पांढरा रंग मिशीवरूनच फासला, नीट बघितलं तर ती दिसते. तोच जोकर ‘द डार्क नाइट’मध्ये हीथ लेजरकडे आला तेव्हा रंग ओघळलेला, जीभ सारखी ओठांच्या जखमांवरून फिरणारी, मान खाली आणि नजर वर. लेजर २००८ च्या जानेवारीत, अठ्ठाविसाव्या वर्षी गेला. चित्रपट जुलैत लागला आणि पुढच्या वर्षी ऑस्कर त्याच्या पश्चात मिळालं. पुढे २०१९ च्या ‘जोकर’साठी वाकीन फिनिक्सलाही ते मिळालं. एकाच पात्राला तीन नटांनी तीन शरीरं दिली. आपल्याकडे निखिल महाजनचा ‘बाजी’ २०१५ मध्ये आला. श्रेयस तळपदेचा मुखवटाधारी नायक मला पुरता पटला नाही, पण जितेंद्र जोशीचा मार्तंड पटला. त्याच दिग्दर्शकाच्या ‘गोदावरी’साठी २०२१ च्या इफ्फीत जितेंद्रला उत्कृष्ट अभिनेत्याचा रौप्य मयूर मिळाला तेव्हा सगळ्यांनी त्याच्या संयमाचं कौतुक केलं. मला मार्तंड आठवला. तिथे सोडलेला आवाज आणि इथे आवळलेला आवाज एकाच गळ्यातला.

आमच्या भागाला पोशाखाची किंमत कळायला हवी होती, खरं तर. कर्जत-चौक रस्त्यावर नितीन देसाई यांनी २००५ मध्ये स्टुडिओ उभारला, तिथे ‘जोधा अकबर’चे किल्ले उभे राहिले आणि आसपासची पोरं गर्दीतले सैनिक म्हणून जाऊ लागली. त्यातला एक मला सांगायचा की चिलखत चढवलं की हात अंगापासून आपोआप लांब राहतात आणि माणूस रुंद चालायला लागतो. मी तेव्हा हसून सोडून दिलं. देसाई २०२३ च्या ऑगस्टमध्ये गेले. त्यांनी उभ्या केलेल्या त्या खोट्या भिंतींसमोर आमच्या पोरांच्या चाली बदलत होत्या, हे मला तेव्हा उमगायला हवं होतं.

एक गोष्ट मला अजून पटत नाही. कॉमिक्सवरच्या चित्रपटांचा शेवटचा अर्धा तास, ज्यात इमारती कोसळत राहतात आणि माणूस दिसेनासा होतो, तो मला आजही नटाच्या हातून काढून घेतलेला वाटतो. पिळदार दंड दाखवण्याचं जे कौतुक चालतं तेही मला रुचत नाही. दंड म्हणजे काम नव्हे. मुलगी यावर थॅनॉस या खलनायकाचं उदाहरण देते. तो राक्षस संगणकावर घडवलेला, पण आत जॉश ब्रोलिन आहे. चेहऱ्यावर ठिपके, डोक्यावर कॅमेरा, आणि समोरच्या नटांनी योग्य उंचीवर बघावं म्हणून त्याच्या डोक्याच्या वर लावलेलं थॅनॉसचं चित्र. समोरचे सगळे त्या चित्राकडे बघून बोलतात, त्याच्या डोळ्यांकडे कुणी बघतच नाही. तरी त्या जांभळ्या चेहऱ्यावर मुलीला गमावल्याचं दुःख येतं ते ब्रोलिनचंच. हे मी मान्य केलं. कोसळणाऱ्या इमारतींबद्दल आमचं दोघींचं अजून एकमत नाही, आणि दर रविवारी ती कर्जत लोकलने आली की जेवताना हा वाद पुन्हा निघतो.